पिशवीचे लेबल आणि कोर्टाची पायरी

गेवराई तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. वहीचा कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, जागा पुरली नाही म्हणून समाससुद्धा भरलेला. नाव-गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, तेव्हा छापत नाही. पत्रातला मुख्य भाग मात्र त्यांच्याच शब्दांत देतो, कारण असे पत्र दर वर्षी कोणत्या ना कोणत्या गावाहून येतेच.

"गेल्या वर्षी मिरगाच्या पावसावर तीन एकर सोयाबीन पेरलं. तीन पिशव्या तालुक्याच्या दुकानातून रोखीनं आणल्या. आठव्या दिवशी रानात जाऊन बघावं तर तासाला कुठं एक रोप, कुठं दोन. दुकानदार म्हणतो, पेरा खोल पडला. कंपनीचा माणूस म्हणतो, पाऊस कमी होता. शेजारच्या रानात त्याच दिवशी त्याच तिफणीनं दुसरं बियाणं पेरलं, ते उगवलं. आम्ही तालुक्याला अर्ज दिला, साहेब लोक आले, पंचनामा केला, त्याची नक्कल पेटीत आहे. पुढं काहीच झालं नाही. मी म्हणते केस करा. आमचे हे म्हणतात, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. सासूबाई म्हणतात, गेलं ते गेलं. गेलं कसं? त्या पिकाच्या भरवशावर उधारी होती. ती फेडायला आम्ही कोयत्याची उचल घेतली. आता दसरा झाला की टोळी निघणार, आम्ही दोघं जाणार, सासूबाई आणि लेक मागं राहणार. दुकानदाराची चिठ्ठी आहे, पण तिच्यावर नुसतं सोयाबीन ३ आणि रक्कम लिहिलीय. दोन पिशव्या गंजी झाकायला गेल्या. तिसरीच्या तोंडाला शिवलेलं लेबल लेकीनं वहीच्या कव्हरावर चिकटवलंय. एवढ्यावर केस होते का, भाऊ?"

होते, ताई. पण कुठे आणि कशी, ते सांगतो. पत्राच्या शेवटी तुम्ही दिराच्या अडकलेल्या पैशांचेही विचारले आहे. त्याचा रस्ता वेगळा आहे, तो नंतर.

आधी कोर्टाच्या भीतीविषयी. आपल्याकडे कोर्ट म्हटले की डोळ्यांपुढे जमिनीचा वाद येतो. आजोबाने लावला, बापाने चालवला, नातू अजून तारखेला जातोय. मोठ्या वादांचे तसे होतेही. पण लहान रकमेच्या वादासाठी वेगळी व्यवस्था हवी ही गोष्ट सरकारला फार पूर्वीच कळली होती. मुंबईसाठी १८८२ साली आणि इतर भागांसाठी १८८७ साली लघुवाद न्यायालयांचे कायदे झाले. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तशी कोर्टे आजही आहेत. बीडला तसे वेगळे कोर्ट नाही. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, इथे मुन्सफ कोर्ट आणि कामकाज उर्दूत. जुनी माणसे तालुक्याच्या कोर्टाला अजून मुन्सफ कोर्टच म्हणतात. तेव्हा बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला लहान दाव्यासाठी आज दोन दरवाजे आहेत. एक तालुक्याचे दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर. दुसरा बीडचा जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला लोक अजून ग्राहक मंच म्हणतात. २० जुलै २०२० रोजी नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला आणि मंचाचा आयोग झाला.

बियाण्याचे प्रकरण ग्राहक आयोगात न्यावे.

यावर पहिला प्रश्न येतो तो शेतकरी ग्राहक कसा, हा. कंपन्यांचे वकील हेच म्हणत आले. शेतकरी बियाणे विकत घेतो, पीक काढून विकतो, म्हणजे तो धंदा झाला, ग्राहक कसला? शिवाय बियाण्याचा स्वतंत्र कायदा १९६६ सालचा आहे, तिकडे जा. हा वाद आंध्र प्रदेशातल्या सूर्यफुलाच्या बियाण्यावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. समोर राष्ट्रीय बीज निगम, म्हणजे खुद्द सरकारची कंपनी. १६ जानेवारी २०१२ रोजी निकाल लागला. पेरण्यासाठी बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि बियाण्याचा कायदा असला तरी ग्राहक न्यायालयाचा दरवाजा त्याला बंद होत नाही. कंपनीने आणखी एक मुद्दा काढला होता. शेतकऱ्याने नमुना दिला नाही, प्रयोगशाळेत तपासणी झाली नाही, मग बियाणे खराब हे ठरवले कोणी? त्यावर न्यायालयाचे म्हणणे, आपल्या कोणाही म्हाताऱ्याने सांगितले असते तेच, की शेतकरी आणलेले सगळे बियाणे पेरून टाकतो, पुढे वाद होईल म्हणून बाजूला काढून ठेवत नाही.

नमुना नाही म्हणून दावा बुडत नाही, हे खरे. पण पुढच्या वेळी पेरणीआधी प्रत्येक पिशवीतले मूठभर दाणे कागदी पाकिटात घालून, वर लॉट नंबर टाकून ठेवले तर काय बिघडते? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात तेही पाहावे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण कमीत कमी ७० टक्के असावी लागते. घरीच चाळीस उगवले तर ती पिशवी पेरायचीच नाही, बिल घेऊन दुकान गाठायचे.

जून २०२० मध्ये मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याचा केवढा बोभाटा झाला ते वाचकांना आठवत असेल. उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतली होती. त्या वर्षी अनेक ठिकाणी बियाणे बदलूनही मिळाले. बदली बियाणे घ्यायला हरकत नाही, पण घेताना कागदावर सही मागतात तो कागद वाचावा. "माझी तक्रार मिटली" असे त्यावर असेल तर पुढचे सगळे त्या एका सहीत गेले. "नुकसानभरपाईचा हक्क राखून" एवढे शब्द सहीच्या वर लिहावेत.

आता तुमच्या पेटीतल्या पंचनाम्याकडे येऊ. माझ्या मते अशी प्रकरणे आयोगात ठरतच नाहीत, ती रानात, पंचनाम्याच्या वेळी ठरतात. वर एक निकाल सांगितला तो शेतकऱ्याच्या बाजूचा. दुसरा २००५ सालचा, हरियाणातल्या बियाणे महामंडळाच्या प्रकरणातला. तोही सर्वोच्च न्यायालयाचाच, आणि त्यात शेतकरी हरला. का हरला? तज्ज्ञांच्या समितीने पाहणी केली होती आणि पिकातला फरक बियाण्यामुळेच असे म्हणता येत नाही, असा अहवाल दिला होता. पाण्याची प्रत, पावसाची ओढ, जमिनीच्या वरच्या थरात साठलेले क्षार, पेरणीची पद्धत, पेरतेवेळची ओल, अशी सगळी कारणे तिने मांडली होती. असा अहवाल समोर असल्यावर न्यायाधीश तरी काय करणार?

म्हणून ताई, पंचनामा पेटीतून काढा आणि लेकीला मोठ्याने वाचायला सांगा. त्यात उगवणीचा टक्का लिहिला आहे का? कारण लिहिले आहे का, की नुसतेच "उगवण विरळ आढळली" म्हणून सोडून दिले आहे? पेरणीची खोली मोजली होती का? जमिनीत ओल होती का? शेजारच्या रानाचा उल्लेख आहे का? लॉट नंबर आहे का? दुकानदाराचा किंवा कंपनीचा माणूस हजर होता का, आणि त्याची सही आहे का?

यातले जे नसेल ते दुसरीकडून जमवायचे. शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र घ्या. त्याच दिवशी, त्याच तिफणीने, शेजारच्या रानात पेरले आणि उगवले, ही तुमच्या हातातली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. तिफण तीच म्हणजे खोली तीच. पाऊस तोच. जमीन लागूनच. मग फरक उरतो तो पिशवीत. शेजाऱ्याच्या बियाण्याचे बिल मिळाले तर तेही जोडा. तिफण कोणाची होती, कोणी हाकली, त्या माणसाचेही दोन ओळींचे म्हणणे घ्या. पावसाची नोंद महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर होते. पेरणीपूर्वीच्या पंधरा दिवसांची नोंद अर्ज करून कृषी कार्यालयातून मागा. सोयाबीन ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरावे असे खाते दर वर्षी सांगते आणि कंपनीचा वकील नेमके हेच वाक्य तुमच्या तोंडावर फेकणार. मंडळात तेवढा पाऊस झाला होता हे कागदाने दाखवता आले तर तो गप्प बसतो. नसेल झाला, घाईने कोरड्यात पेरले असेल, तर मात्र मनाशी खरे बोलावे. स्वतःच्या चुकीचा दावा करू नये, त्यात वेळ जातो आणि गावात तोंडही जाते.

दुकानदाराच्या चिठ्ठीचे काय? बियाणे नियंत्रण आदेश १९८३ सालचा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक गिऱ्हाइकाला रोखीचे किंवा उधारीचे बिल देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. नुसती चिठ्ठी दिली हा त्याचा दोष, तुमचा नव्हे. त्याला लेखी पत्र द्या की अमुक तारखेला अमुक वाणाच्या तीन पिशव्या नेल्या, लॉट नंबरासह पक्के बिल द्यावे. पत्र हातात देऊन पोच घ्या. घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पोच मागवा. (जुने रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.) तो बिल देणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मागितले होते याचा कागद तुमच्याकडे राहतो. त्याच्या साठा रजिस्टरात तो लॉट नोंदलेला असतोच आणि विकलेल्या प्रत्येक लॉटचे दप्तर तीन वर्षे जपून ठेवण्याचा नियम आहे. तीन वर्षे अजून झालेली नाहीत.

मुदत मात्र बघा. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तुमच्या पेरणीला सव्वा वर्ष झाले, म्हणजे पाऊण वर्ष हातात. त्यातले सहा महिने तुम्ही कारखान्याच्या तळावर, कोपीत. पट्टा पडून परत याल तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असेल, मग लग्नसराई, मग नांगरट, मग पुन्हा मिरग. उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते, पण ती मिळेलच असे नाही. तक्रार दसऱ्याच्या आत दाखल करून मगच टोळीबरोबर जा.

तक्रार लिहायला मोठी भाषा लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत लिहा. तक्रारदार कोण? सातबारा सासूबाईंच्या नावावर असेल, बियाणे तुमच्या यजमानांनी आणले असेल, तर दोघांचीही नावे घाला. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो. यजमान आपल्याच नावाने करायला निघतील, सातबारा आईचा म्हणून मग सामनेवाले हरकत घेतील. ती जागाच ठेवू नका. सामनेवाले म्हणून दुकानदार आणि कंपनी दोघांनाही घाला. एकट्या दुकानदाराला घातले तर तो म्हणतो, मी शिवलेली पिशवी विकली, आत काय ते मला काय माहीत. एकट्या कंपनीला घातले तर ती म्हणते, यांनी आमचेच बियाणे घेतले कशावरून. दोघे समोरासमोर उभे राहिले की एक दुसऱ्याचे बोलतो.

मग घडले ते तारखेवार लिहा. पिशव्या कधी आणल्या, पेरले कधी, पाहिले कधी, अर्ज कधी दिला, पंचनामा कधी झाला. दुकानदाराच्या वागण्याबद्दलचा राग कागदावर उतरवू नका, तो कोणी वाचत नाही.

भरपाईचा आकडा हिशेबाने काढा. समजा तुमच्या शिवारात त्या साली एकरी ६ क्विंटल उतारा पडला, तर ३ एकरांचे १८ क्विंटल. मोंढ्यातला त्या हंगामातला भाव समजा ४,२०० रुपये, तर झाले ७५,६००. पीकच आले नाही म्हणून काढणी-मळणीचा खर्च वाचला, तो समजा १२,०००. तो वजा केला की ६३,६०० उरतात. इथे एक चूक पुष्कळजण करतात. पूर्ण उत्पन्नही मागतात आणि बियाणे, खत, पेरणीचा खर्चही वर मागतात. उत्पन्न मिळाले असते तर तो खर्च त्यातूनच निघाला असता ना? एकच मागा. मानसिक त्रासाचे आणि तक्रारीच्या खर्चाचे वेगळे मागता येते, पण तिथे लाखाचा आकडा टाकून हसू करून घेऊ नका. उताऱ्यासाठी शेजाऱ्याची हिशेबपट्टी आणि भावासाठी बाजार समितीचा दाखला जोडला की झाले. तुमच्या रानात त्या वर्षी दुसरे काही घेतले असेल तर तेही लपवू नका. सातबाऱ्यावर पीकपाहणीत ते दिसणारच, ई-पीक पाहणी आल्यापासून तर फोटोसकट.

फी? वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तीन पिशव्यांची किंमत ५ लाख होत नाही. कंपनी इंदूरची असो की हैदराबादची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, तिकडे जायचे नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तरी माझा सल्ला विचाराल तर लावा, आणि त्यासाठी पैसे मोजू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळतो आणि तिला उत्पन्नाची अटही नाही. तक्रारीत सासूबाईंचे नाव आहे, तेवढ्याने हक्क येतो. गेवराईच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, बीडला जिल्हा न्यायालयात प्राधिकरण आहे, फोनवर विचारायचे तर १५१०० हा क्रमांक. या रांगेत उभे राहणे म्हणजे कोणाचे उपकार घेणे नव्हे.

तक्रार ऑनलाइनही करता येते. १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती नावाची व्यवस्था सुरू झाली आहे. आष्टी, परळी, आंबाजोगाईकडच्या माणसाला बीड लांब पडते, त्यांना ती सोयीची. कागद किती प्रतींत लागतात हे आयोगाच्या कार्यालयात एकदा विचारून घ्यावे. एक प्रत त्यांची, एकेक प्रत्येक सामनेवाल्याची, आणि एक आपली, तीवर दाखल झाल्याचा शिक्का मारून घ्यायचा. मूळ कागद कोणालाही देऊन टाकायचे नाहीत. वकिलालाही द्यायचे तर यादी करून, सही घेऊन.

पुढचे काम असे चालते. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरते. मग सामनेवाल्यांना नोटीस जाते. त्यांनी ३० दिवसांत उत्तर द्यायचे, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांपुढे सवलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ४ मार्च २०२० रोजी ठरवून दिले आहे. पंचेचाळीस दिवस झाले आणि उत्तर आले नाही तर तसा अर्ज द्यायला वकिलाला सांगा. कायद्याच्या पुस्तकात अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असे आहे. पुस्तक पुस्तकाच्या जागी. तारखा पडतात, त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे मध्येच कंटाळून सोडणार नाही.

तारखेला तुम्ही तळावर असाल त्याचे काय? पुरावा मुख्यतः प्रतिज्ञापत्रावर आणि कागदांवरच चालतो, उलटतपासणीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची वेळ क्वचितच येते. निघण्यापूर्वी तुम्हा सगळ्यांची प्रतिज्ञापत्रे करून ठेवा. दिराच्या नावाने अधिकारपत्र लिहून द्या म्हणजे तुमच्या वतीने तो हजर राहील. सासूबाई स्वतः तक्रारदार असल्याने त्याही जाऊ शकतात. व्हिडिओवरून सुनावणीसाठीही अर्ज करता येतो. मात्र अधिकारपत्र देताना तडजोडीचा अधिकार त्यात द्यायचा की नाही, हे घरात बसून ठरवा. माझे मत, देऊ नका. तडजोड फोनवर विचारून होऊ शकते.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनी अपिलात गेली तर? ४५ दिवसांत जावे लागते, राज्य आयोगाकडे, आणि ठरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्याशिवाय अपील घेतच नाहीत. पैसे मिळाले नाहीत तर आयोगाच्या हुकमाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते. मुद्दाम टाळाटाळ करणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. हे कलम वाचल्यावर पुष्कळांची तिजोरी उघडते.

आता दिराचे. गावातल्या व्यापाऱ्याने शिवारातून कापूस उचलला, ३८ हजार राहिले, दिवाळीला देतो म्हणतो आणि दिवाळ्या जातात. हे ग्राहकाचे प्रकरण नाही, कारण दिराने काही विकत घेतले नाही, विकले. याला दिवाणी कोर्ट. मुदत तीन वर्षांची. ती संपायच्या आत व्यापाऱ्याच्या सहीने "इतके देणे आहे" असे लिहून मिळाले तर त्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने मोजतात. त्याने मध्येच पाच हजार हातावर टेकवले तरी त्याच्याच हातचे लिहून घ्यावे, तोंडी मिळालेल्या पैशाने मुदत वाढत नाही. त्याच्या वहीतल्या पानाचा फोटो, वजनाची चिठ्ठी, मोबाईलवरचा निरोप, सगळे जपावे. माल मोंढ्यात आडतीवर घातला असता तर आधी बाजार समितीकडे जाता आले असते, शिवार खरेदीत तो आधार राहत नाही. फरकाच्या शंभर-दोनशे रुपयांसाठी माल घरून देणाऱ्यांनी याचा हिशेब करावा.

दावा लावण्याआधी दिराने तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवायला सांगावे. दावा दाखल नसला तरी ठेवता येते. फी नाही. व्यापाऱ्याला नोटीस जाते आणि गावात देतो-देतो म्हणणारा माणूस कोर्टाच्या आवारात दोन हप्त्यांत देतो म्हणतो. तिथे झालेली तडजोड हुकूमनाम्याइतकीच पक्की, तिच्यावर अपील नाही. त्या बोलण्यात महिने जात असतील तर मुदतीवर नजर ठेवावी, ती थांबत नाही. नाहीच जमले तर दावा. कोर्ट फी रकमेप्रमाणे भरायची, समन्स, मग व्यापाऱ्याची कैफियत, मग पुरावा, मग हुकूमनामा. पैसे अर्थात तेवढ्याने हातात येत नाहीत, त्यासाठी दरखास्त द्यावी लागते. व्यापाऱ्याचे बँक खाते कुठे आहे ते आताच माहीत करून ठेवावे, जप्तीच्या वेळी ते शोधत बसावे लागते. (उलट बाजूने सांगून ठेवतो, शेतकऱ्यावर हुकूमनामा झाला तरी त्याची औते, कसायला लागणारी जनावरे, बी-बियाणे आणि राहते घर यांना दिवाणी कायद्याने जप्तीतून सूट आहे. कोणी बैल सोडून नेण्याची धमकी देत असेल तर त्याला कलम ६० वाचायला सांगा.)

ताई, तुमचे काम आधी. या आठवड्यात सातबारा काढा. पंचनाम्याच्या तीन-चार झेरॉक्स करा. शेजाऱ्याशी बोला, तो टोळीत असेल तर त्याचेही प्रतिज्ञापत्र निघण्याआधी व्हायला हवे. गंजीवरच्या दोन पिशव्या उतरवून धुऊ नका, फडक्याने पुसून, घडी करून ठेवा, छपाई वाचता आली तरी पुरे. आणि लेकीच्या वहीचे ते कव्हर आजच काढा. लेबल ओरबाडू नका, फाटेल. कव्हरासकट कापून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पंचनाम्याबरोबर पेटीत ठेवा. वहीला दुसरे कव्हर घालून द्या, म्हणजे ती रुसायची नाही.